उभं राहायचा पाय

माझ्या आईला सगळे सोशिक म्हणायचे. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. म्हणणारे आमचेच शेजारी. भिंतीपलीकडून सगळं ऐकायचे, कधी मधे तोंड घालायचे नाहीत, आणि सकाळी ती जिन्यात भेटली की मान हलवून तेवढा एक शब्द तिच्या हातावर ठेवून मोकळे व्हायचे. आई त्यांना हसून दाखवायची आणि कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली उतरायची. तिचा डावा गुडघा तिला पेलत नसे.

तो गुडघा माझ्या बापाने मोडला होता, लाथेने. मी तेव्हा शाळेत होते आणि कारण मला अजून आठवतं. बाथरूमचा दिवा चालू राहिला होता. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथे तिने सांगितलं की ओल्या फरशीवर पाय घसरला, आणि तिथली फरशी कायमच ओली असल्याने कुणाला शंका आली नाही. दवाखान्यात जायचं तर तिथेही काहीतरी सांगावं लागलं असतं, म्हणून ती गेलीच नाही. गुडघा आपला आपण, वेडावाकडा बरा झाला.

त्याआधी ती प्रेसवर होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या, धुऊन-पिळून प्रेसवर चढायच्या. खाली गादी, वर तापलेला जाड पत्रा. पायाने पेडल दाबलं की पत्रा खाली यायचा आणि वाफेचा लोट अंगावर. पेडल दाबायचं उजव्या पायाने, पण सगळा भार डाव्यावर. दिवसभर हे करायला मांडीत दम लागतो. आईचा हात तिथे कुणी धरू शकत नव्हतं. गुडघा गेल्यावर मुकादमाने तिला घडीच्या टेबलावर बसवलं. बसून टॉवेलांच्या घड्या घालायच्या. आई म्हणायची, बरंय, बसून काम आहे. घरी येऊन मात्र माझ्या शाळेच्या कपड्यांना ती इतका दाब देऊन इस्त्री करायची की बटणं फुटायची.

आता बापाबद्दल. बाप दारं फोडायचा. भाडेकरू खोली सोडत नसला की कोर्टाचा कागद घेऊन जाणारा एक कंत्राटदार होता, त्याच्याकडे तो कामाला होता. कंत्राटदार दार वाजवायचा, कागद वाचून दाखवायचा, आतून कुणी हललं नाही की बाजूला व्हायचा आणि बापाला पुढे करायचा. बापाला सगळे किल्ली म्हणायचे. त्याला या नावाचा भारी अभिमान. जेवताना मला शिकवायचा, जशी काही मी उद्या त्याची गादी चालवणार होते.

"दाराच्या मधे मारायची नाही. मधे दार झोका खातं. कुलपाच्या अगदी बाजूला, टाचेने. आणि जोर कमरेतून यायला पाहिजे."

तीच लाथ घरी यायची. उजव्या पायाची, टाचेची, कमरेतून. बहुतेक वेळा आईच्या त्याच गुडघ्यावर, कारण तिथे मारली की ती लगेच पडायची. ती पडली की त्याचं समाधान व्हायचं. दार उघडल्यासारखं वाटत असणार. मग तो हात धुऊन जेवायला बसायचा. आईला हे कळलं होतं, त्यामुळे कधीकधी लाथ नीट बसायच्या आतच ती पडायची. मला ती पडण्याचाच राग यायचा. त्या वयात दुसऱ्या कशाचा राग करायची माझी हिंमत नव्हती.

मी मोठी झाले, टायरच्या दुकानात कामाला लागले. चाकांचे नट पान्याने सोडवून सोडवून दंड चांगले भरले. तोच पाना घरी आणून बापाचा गुडघाही सोडवावा असं मला रोज वाटायचं. रोज मी तो दुकानातच ठेवून यायचे.

मग ते काम एका दाराने केलं. आतल्या लोकांनी दारामागे लोखंडी कपाट सरकवून ठेवलं होतं. बापाने नेहमीसारखी लाथ घातली, दार जागचं हललं नाही, आणि तो सगळा जोर उलटा फिरून त्याच्या डाव्या पायात गेला. लाथ मारायला एक पाय लागतो असं आपल्याला वाटतं. लागतात दोन. एक मारतो आणि एक उभा राहतो. बापाचा उभं राहायचा पाय गुडघ्यातून पिळला गेला. आतला लिगामेंट तुटला, शस्त्रक्रिया झाली, आणि किल्लीला त्याच कंत्राटदाराच्या गाडीतून आडवं घालून घरी आणलं.

घरात शांतता आली असं म्हणवत नाही. राग होता तेवढाच होता, फक्त त्याचा पल्ला कमी झाला. पलंगावरून हात पोचेल तेवढंच त्याचं राज्य. पेला फेकायचा, घड्याळ फेकायचा, कुबडी फिरवायचा. आम्ही हळूहळू एकेक जड वस्तू त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर नेली. आई कामावरून आली की दारात क्षणभर थांबायची, कुबडी कुठे आहे बघायची, आणि मग त्या हिशेबाने लांबून वळसा घालून ओट्याशी जायची. तिच्या अंगावरचे जुने डाग पिवळे पडून पुसले गेले आणि नवे आले नाहीत. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा घडत होतं.

टाके काढल्यावर दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईकडे पाठवलं. बाई माझ्याच वयाची होती, बारीक चणीची, पण बोलायला खणखणीत. तिने बापाला पलंगावर पाय पसरून बसवलं आणि डाव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली.

"आता गुडघ्याने हा टॉवेल खाली दाबा. मांडी आवळा. गुडघ्याची वाटी वर सरकली पाहिजे. पाचपर्यंत मोजायचं आणि हळूच सैल सोडायचं."

बाप हसला. "एवढंच? मी दारं फोडतो, बाई."

"फोडा की. आधी टॉवेल दाबून दाखवा."

तो दाबायला गेला. मानेच्या शिरा फुगल्या, दात आवळले, कपाळावर घाम आला. मांडी मात्र जिथल्या तिथे, कणकेच्या गोळ्यासारखी. बाईने तिच्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

"गुडघ्याला इजा झाली की मांडी काम सोडून देते. तिला पुन्हा कामाला लावावं लागतं. ती भरली नाही तर गुडघा कितीही छान शिवलेला असू दे, पाय भार घेणार नाही. ऐन वेळी दुमडेल."

बाप तिला अशी शिवी देणार होता की मला आधीच लाज वाटली. पण बाईने त्याला वेळच दिला नाही. ती आईकडे वळली. "तुम्ही बसा बरं त्या पलंगावर. करून दाखवा ह्यांना." आईने कामाची पँट गुडघ्याच्या वर सरकवली आणि पाय पसरले. बाईने टॉवेल ठेवला, मांडीवर हात ठेवला आणि तिचा हात तिथेच थांबला. आईची मांडी बापाच्या मांडीपेक्षाही रोड होती.

"हे कधीचं?"

"जुनं आहे, ताई. घसरले होते."

बाईने तो वाकडा गुडघा पाहिला, मग बापाकडे पाहिलं. बाप छताचा पंखा बघत होता. "घसरून असं होत नाही," बाई हळूच म्हणाली.  आईने पँट परत खाली ओढली. मग बाई एकदम मोठ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून करायचं. सकाळ-संध्याकाळ. टॉवेल दाबणं जमलं की गुडघा सरळ ठेवून अख्खा पाय वर उचलायचा. घाई नाही, आणि चुकवायचं नाही."

घरी आल्यावर ओट्याशी मी आईला गाठलं. "त्याला करून देऊ नकोस. असाच राहू दे पडलेला."

"आणि मग? ह्या खोलीत जन्मभर ते आणि मी?" ती भांडी घासत होती, माझ्याकडे बघितलंही नाही. "कामावर जाणारा माणूस दिवसभर बाहेर असतो."

"आणि संध्याकाळी घरी येतो, त्याचं काय?"

"संध्याकाळचं मी बघितलेलं आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी टॉवेल लपवले. तिने कारखान्यातून जुने आणले. मी म्हटलं, तू स्वतःच्या हाताने त्याची लाथ परत आणते आहेस, तुला कळतंय का? यावर तिने माझ्या कानाखाली वाजवली. तिने मला तोपर्यंत कधी हात लावला नव्हता. गालापेक्षा मला आश्चर्यच जास्त झोंबलं. मी कामावर निघून गेले आणि परत आले तेव्हा ती दोघं समोरासमोर पाय पसरून बसली होती, दोघांच्या गुडघ्यांखाली एकेक टॉवेल, इतका घट्ट गुंडाळलेला की उभा ठेवला तर उभा राहील.

बाप म्हणजे जन्मात स्वतःचा पेला उचलून न ठेवलेला माणूस. पाणी आईने द्यायचं, बूट आईने काढायचे. थोड्याच दिवसांत व्यायामाचंही तेच झालं. टॉवेल एकदा-दोनदा दाबायचा, दुखलं की शिवी हासडायची आणि उशीला टेकायचं.

"तू कर. मी बघतो."

"तुमच्या पायाचं मी करून कसं चालेल?"

"कर म्हटलं ना. माझ्या वाटचं पण कर."

ही चेष्टा नव्हती. त्याला खरोखर वाटत होतं की घरातलं कुठलंही काम बायकोला सांगितलं की झालं. आई करायची. स्वतःचं करायची आणि त्याच्या वाटचंही करायची, ओठ आवळून. मग त्याला म्हणायची, आता तुम्ही. तो करायचा नाही तर ती त्याच्या मांडीवर स्वतःच्या हाताने दाब द्यायची, दाबा म्हणायची. एकदा त्याने तिला पेला फेकून मारला. भुवई फुटली. तिने टॉवेलच्या टोकाने रक्त पुसलं, तोच टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि त्याच्या गुडघ्याखाली सरकवला.

"दाबा," ती म्हणाली. त्या दिवशी त्याने निमूटपणे दाबला.

पहिल्यांदा मला कळलं ते आवाजावरून. मी घरात होते आणि जिन्यात पावलं वाजली. एक पायरी एक पाऊल, एक पायरी एक पाऊल. मला वाटलं दुसरं कुणी आहे, आणि आई आत आली. मग मी बघायला लागले. ती जमिनीवरून उठताना भिंतीला हात लावत नव्हती. कारखान्यात ती टेबलाखालीही पाय लांब करून मांडी आवळत बसायची. टेबलावर टॉवेल, टेबलाखाली हे, कुणाला पत्ता नाही. प्रेसवरची बाई आजारी पडली तेव्हा आई मुकादमाला म्हणाली, मी उभी राहते. मुकादम हसला. ती दिवसभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने तिला घडीला बसवलंच नाही.

मला आनंद झाला, पण त्या आनंदाला घोर लागलेला होता. कारण बापही सावरत होता. अर्धामुर्धा, पण सावरत होता. कुबडी सुटली. भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायला लागला. चालताना मधेच थांबून उजवी टाच जमिनीवर आपटून बघायचा आणि आईकडे बघून हसायचा. आम्हाला दोघींना त्या हसण्याचा अर्थ कळत होता. दिवस मोजावेत तसं आम्ही त्याचं चालणं मोजत होतो. आपण बरोबरच करतोय असं आईला अजून वाटतं का, हे विचारायचं मी टाळलं. एक कानाखाली पुरेशी होती.

मग कंत्राटदार आला. रविवारी दुपारी, आम्ही तिघं घरात होतो. खुर्चीत बसून त्याने बापाचा पाय वरून खालून न्याहाळला, बाजारात बैल बघावा तसा.

"काय किल्ली, चालते का अजून?"

"दाखवू?"

बापाने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि मला आतून बोल्ट लावायला सांगितलं. मी लावला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आई बाहेरच होती. बाहेर पाऊल आपटल्याचा आवाज आला, दारावर काहीतरी थडकलं, दार नुसतं थरथरलं, आणि मग कुणीतरी पडलं. मी बोल्ट काढला तेव्हा बाप फरशीवर पाठीवर पडलेला होता. उजवा पाय दारापर्यंत पोचला होता. डाव्याने ऐन वेळी भार घेतला नव्हता. कंत्राटदार आधी हसला आणि मग हसू आवरून उठला. बसून करायचं काही काम असेल तर बघतो म्हणाला. आईने त्याला दारापर्यंत पोचवलं.

ती वळली तेव्हा बाप भिंतीला धरून उभा राहिला होता. त्याचा चेहरा मी पूर्वी पाहिलेला होता, पण बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"तू चोरलंस," तो म्हणाला. "माझ्या पायाचं सगळं तू खाल्लंस. माझ्यासमोर बसून."

"तुम्हीच म्हणाला होता, तू कर."

त्याने भिंतीचा आधार घेतला, आणि उजवा पाय कमरेतून काढला. लाथ बसली. डाव्या गुडघ्यावरच, बाहेरच्या बाजूने, इतक्या वर्षांच्या सवयीने. मी तिला झेलायला हात पुढे केले, कारण ती पडणार हे मला ठाऊक होतं.

ती पडली नाही. जराशी कलली, पाऊल घट्ट रोवलं आणि सरळ झाली. तिघंही आम्ही क्षणभर तशीच उभी होतो. बापाला काय करावं सुचेना. ती पडल्याशिवाय हे कसं संपवायचं, ते त्याला येत नव्हतं. आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने खाली, त्याच्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं, त्या शिवलेल्या जागेकडे, आणि त्याने दुसऱ्यांदा उजवा पाय उचलल्याबरोबर तिने टाच घातली. रिमवरून टायर सुटताना होतो तसा आवाज झाला. बाप एकदाच ओरडला आणि खाली गेला.

तिथे थांबायला हवं होतं असं लोक म्हणतील. ती थांबली नाही. तिने पुन्हा त्याच जागी टाच मारली. मग बरगडीत. मग कमरेत. तो हातांवर सरपटत पलंगाकडे निघाला, ती दोन पावलांत पुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पंजावर पाय दिला, आणि पेडल दाबावं तसा सगळा भार त्यावर सोडला. बोटं मोडली ते मला ऐकू आलं.  ती नाकाने श्वास घेत होती, दमाने, कामावर घ्यायची तसा. बापाने माझं नाव घेऊन हाक मारली. मी पुढे झाले आणि मागून तिच्या कमरेला मिठी मारली. मी चाकं उचलणारी बाई, पण मला तिला हलवता आलं नाही. खांबाला मिठी मारल्यासारखं वाटलं.

"सोड," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

मी सोडलं. बापाचं ओरडणं ऐकून शेजारी आले, दार धडाधड वाजवायला लागले, काय झालं, काय झालं. इतक्या वर्षांत त्यांना आजच हात सापडले होते. मी दाराकडे गेले, कडी तपासली आणि तिथेच पाठ टेकून उभी राहिले. ती आपली आपण थांबेपर्यंत मी दार उघडलं नाही. मला बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही. आणि तिची भीतीही वाटत होती.

पुन्हा शस्त्रक्रिया झाली. कसं झालं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाप आईकडे न बघता म्हणाला, पडलो. टाके निघाले आणि पुन्हा त्याच व्यायामाच्या बाईसमोर आम्ही बसलो. आई शेजारच्या पलंगावर, हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. बाईने सगळे कागद चाळले, तिघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि टॉवेल गुंडाळला.

"पहिल्यापासून सुरू करावं लागेल. मांडी पार गेलीय. घरी रोज करून कोण घेणार?"

"मी," आई म्हणाली.

चादरीखालून बापाचा हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं. नुकतीच प्लास्टरमधून सुटलेली बोटं होती, त्यांत जोर असा नव्हता, पण तो सोडत नव्हता. "तू घे करून," तो माझ्याशी कुजबुजला. "पोरी, तू घे. ती नको." जन्मात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला त्याची दया आली. खरंच आली, आणि तशीच निघून गेली.

बाई माझ्याकडे बघत होती. तिला ऐकू गेलं असावं.

"आईच करून घेईल," मी म्हटलं. "तिला चांगलं येतं."

आई उठली, कशालाही न धरता, बाईच्या हातातून टॉवेल घेतला आणि पलंगाकडे आली. बाप मनगट सोडेना. मी त्याचं एकेक बोट उचलून माझा हात सोडवून घेतला आणि तिला वाट दिली.